शेवग्याचा पाला आणि राखणदार कटला

झाडं बोलायची आणि माणसं त्यांचं बोलणं ऐकायची, त्या काळी एका तळ्याच्या बांधावर एक शेवगा उभा होता. तळ्याची मालकीण सगुणाबाई त्याचा पाला वाळवून, कुटून, पेंडीत कालवायची आणि भोकं पाडलेल्या पोत्यात भरून माशांच्या पिल्लांसाठी पाण्यात टांगायची. पिल्लांच्या राखणीला तिनं मागल्या वर्षीचा एक कटला मासा ठेवला होता. तो दिवसभर पोत्यालाच तोंड लावून असे.

"लहानांचा घास आहे तो," शेवगा खेकसला.

"त्यांना बाधू नये म्हणून आधी मी चाखून बघतो."

"पोतं रिकामं होईस्तोवर चाखतोस? लाज कशी वाटत नाही? त्यांच्यासाठी मी अंगावर पान ठेवलं नाही."

कटल्याचं तोंड भरलेलं होतं.

पुढे सगुणाबाईनं जाळं ओढलं, तर पिल्लं काडीसारखी निघाली. ती कोयता घेऊन तरातरा शेवग्याकडे आली.

"तुझ्या पाल्यात दमच नाही. कशाला ठेवू तुला?"

शेवगा संतापानं शेंड्यापर्यंत थरथरला. "खुशाल तोड, बाई. पण आधी जाळ्यातला तुझा राखणदार उचलून बघ. पाल्यात दम नाही, तर तो कशावर माजला?"

सगुणाबाई जाळ्याकडे वळली. कोयता तिच्या हातातच होता.