'आत ये' म्हणणारं घर
गाव जत्रेच्या तंबूत रक्त पिणाऱ्या भुताचा सिनेमा बघून आलं, पण अक्कल तिथंच विसरलं. चार दिवसांनी सरपंच केरबाची घरात बांधलेली शेळी मेली, मानेवर दातांच्या खुणा. झालं! विधवा धुरपदाच्या दारात माणसं दगड घेऊन उभी.

"तूच ते भूत! गाव सोड, नाहीतर ठेचतो," केरबा गरजला.

धुरपदा दारात आली. तिनं विचारलं, "सरपंच, सिनेमातलं भूत घरात शिरतं कसं?"

"घरच्यानं 'आत ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!"

"मग माझा मालक गेल्यापासून मला 'आत ये' कोण म्हणालंय, तेवढं सांगा."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. दगड टाकून गाव परतलं.

'आत ये' मात्र त्या दिवशीही तिला कुणी म्हणालं नाही.