लुडू नको म्हणाला

एका गावात एक भोळा जर्मन राहायला आला. गावात आपले भोळे काही कमी नव्हते, पण हा विमानाने आलेला. नाव लुडविग. गावाने दोन दिवसांत त्याचा लुडू केला. आला होता दूध डेअरीत यंत्र बसवायला, आणि जीव जडला तिथे दूध तपासणाऱ्या रंजनावर. रंजनालाही तो आवडायचा. तिचे वडील आबासाहेब चौगुले म्हणाले, "माणूस वाईट नाही. पण आधी आपल्या रीतीभाती शिकू दे, मग बघू."

झालं! लुडू कंबर कसून शिकायला लागला. शिकवायला होत्या घरमालकीण सरूमावशी. मराठी बोलणं त्याला सगळं कळायचं. घोटाळा कळल्यानंतर व्हायचा.

पहिल्या बाजाराला त्याने कलिंगड आणलं. कापलं तर आतून पांढरंफेक.

"अरे बाबा," मावशी म्हणाल्या, "घ्यायच्या आधी टिचक्या मारून वाजवून बघायचं असतं."

"वाजवून बघतो," लुडू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो अंडी आणायला गेला. डझनभर अंडी वाजवून बघितली. चांगली जोरात वाजवली. घरी आला तो गळती पिशवी घेऊन.

"अगं बाई! अंडं कुणी वाजवतं का? कानाशी धरून हलवायचं. आत डुचमळलं तर नासकं समजायचं."

"कानाशी धरून हलवतो."

संध्याकाळी स्टँडवर चहा प्यायला बसला. ग्लास आला. लुडूने तो कानाशी धरला आणि हलवला. आत डुचमळत होतं. "नासका आहे," असं म्हणेपर्यंत अर्धा चहा कॉलरीतून पाठीवर उतरला. लुडू असा नाचला, असा नाचला, की गाडीत बसलेली माणसं बघायला खाली उतरली.

मावशींनी पाठीला खोबरेल लावलं. "चहा गरम असतो रे! बशीत ओतायचा, फुंकर मारायची आणि फुर्रर्र करून प्यायचा."

सोमवारी लुडू महादेवाच्या देवळात गेला. गुरवाने तीर्थाची पळी पुढे केली. लुडूने पिशवीतून बशी काढली, तीर्थ घेतलं, फुंकर मारली आणि गाभारा घुमेल असं फुर्रर्र केलं. गुरवाच्या हातातली पळी पडली.

"कर्म माझं!" मावशी म्हणाल्या. "तीर्थ उजव्या तळहातावर घ्यायचं, प्यायचं आणि ओला हात डोक्यावरून फिरवायचा."

आणि नेमकं त्याच आठवड्यात चौगुल्यांकडून जेवणाचं बोलावणं आलं. रंजनाची आई तांबडा रस्सा वाढायला आली. लुडूने उजवा हात पुढे केला. "इथे घाला." आईला वाटलं, असेल यांच्याकडची रीत. तिने घातला. लुडू तो प्यायला आणि ओला हात भक्तिभावाने डोक्यावरून फिरवला. रस्सा कपाळावरून थेट डोळ्यांत!

"आई गं!" लुडू शुद्ध मराठीत ओरडला. रंजना थंड पाण्याचा तांब्या घेऊन धावली. चौगुले हसून हसून ताटावर आडवे व्हायचेच राहिले. म्हणाले, "काय साधा माणूस आहे! पोरगी सुखात राहील."

मावशींना हे कळलं तेव्हा त्या लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. एसटीत चढता चढता बजावून गेल्या, "हे बघ, कुणी काही दिलं की लगेच हात पुढे करायचा नाही. हावरट दिसतं. दोनदा नको म्हणायचं. पोट भरलं म्हणायचं. माणसं आग्रह करतातच. मग तिसऱ्यांदा हसून हो म्हणायचं."

"दोनदा नको. तिसऱ्यांदा हसून हो," लुडूने घोकलं.

दुसऱ्याच दिवशी चौगुले फेटा बांधून आले. मागे रंजना, नवी साडी नेसून. चौगुले म्हणाले, "लुडूराव, आमची रंजना तुम्हाला द्यायचं ठरवलंय."

लुडूला उड्या माराव्याशा वाटल्या. पण हावरट दिसलं असतं.

"नको," तो म्हणाला.

"अं? अहो, लग्नाचं म्हणतोय मी! आपल्या रंजनाशी!"

लुडूने मोठ्या मुश्किलीने हसू दाबलं. "नको, नको. पोट भरलं."

रंजनाचा चेहरा उतरला, मग लालबुंद झाला. "चला आबा," ती म्हणाली, "तोंडावर नको म्हणणाऱ्याच्या दारात मी उभी राहायची नाही."

दोघं निघून गेली. बिचारी रंजना घरी जाऊन ढसाढसा रडली. लुडूला मात्र काडीचं वाईट वाटलं नाही. दोनदा झालं होतं, आता एकदाच राहिलं होतं. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो दारात बसायला लागला.

महिना गेला. मावशी अजून लेकीकडेच होत्या. एके दिवशी चौगुले आले. लुडू ताडकन उठला. चौगुल्यांनी त्याच्या हातावर हळदकुंकू लावलेली पत्रिका ठेवली. तीत मुलाचं नाव छापलं होतं, तासगावचा कुणी वकील. पण लुडूला मराठी वाचता कुठे येत होतं!

"रंजनाचं लग्न ठरलंय," चौगुले म्हणाले. "मागचं विसरा. आमचा आग्रह आहे, तुम्ही यायलाच पाहिजे."

तिसरी वेळ! लुडू सगळे दात दाखवून हसला.

"हो!" तो म्हणाला.

आणि लग्नाच्या दिवशी, ऐन मुहूर्ताला, मांडवाच्या दारात दोन नवरदेव दोन घोड्यांवरून उतरले.