पांढरी फळी

रंगगिरी महाराज सह्याद्रीच्या पायथ्याशी पिंपळदऱ्याच्या मठात राहत असत, तेव्हाची ही हकीकत आहे, भक्तजनहो. महाराज वर्षानुवर्षे एका जुन्या पाटावर बसत. पुढे वय झाले, कंबर धरू लागली, तेव्हा गावाने ठरवले की महाराजांना पाठ टेकता येईल असे आसन करायचे आणि त्याला ज्याच्या त्याच्या दारच्या झाडाचे लाकूड लावायचे. कोणी बाभूळ दिली, कोणी शिसव दिला, पाटलांनी जुन्या सागाचा ओंडका बैलगाडीने पाठवला.

काम केरबा मिस्त्रींकडे आले. पंचक्रोशीत असा सुतार नव्हता, हे खरेच. डोळे मिटून ढलपी हुंगली की हा साग, हा हेद, हा ऐन असे ते फटाफट सांगत. पण नाक जितके तयार, तितकेच ते वर असायचे!

एके सकाळी गोजराबाई कुंभारीण डोक्यावर फळी घेऊन मठात आली. तिच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी अंगणात सागाचे रोप लावले होते. नवरा तर आधीच गेला, आणि मागच्या वळवाच्या वाऱ्यात झाडही आडवे झाले. ते खोड सावलीत वाळवून, कापून घेऊन तिने ही फळी आणली होती.

केरबांनी फळी उलटसुलट केली आणि खो खो हसले.

"अगं गोजरा, कोवळं झाड हे! गाभा बोटभर न्हाई, सगळं पांढरं. सालीखालचं हे पांढरं म्हंजी भुंग्याचं जेवण. सुतार ते आधी तासतो आन् चुलीत घालतो. अन् तू ते महाराजांच्या पाठीला देतीस व्हय?"

जमलेले लोकही हसले. गोजराबाईला मेल्याहून मेल्यासारखे झाले. फळी उचलून ती परत निघाली, तोच महाराज म्हणाले, "थांब बाई. केरबा, झाड उभं असताना मुळाचं पाणी पानांपर्यंत कोण नेतं रे?"

"ते पांढरंच नेतंय, महाराज. गाभा नुसता उभा असतो." केरबांना कबूल करावेच लागले.

"मग ज्यानं झाड जगवलं तेच माझ्या पाठीला दे."

केरबांचा पारा चढला. चारचौघांत आपला सल्ला डावलला गेला, हे त्यांना फार लागले. "लावतो, महाराज. पण खंडेनवमीपर्यंत तिचं पीठ झालं न्हाई, तर माझी हत्यारं तुमच्या पायाशी ठेवीन आन् पुन्यांदा हातात धरणार न्हाई. आन् पीठ झालं, तर हिनं मठाची पायरी चढायची न्हाई!"

महाराज नुसते हसले. मठ झाडण्याची सेवा गोजराबाईकडे होती, आणि घरात दुसरे कोणी माणूस नसल्यामुळे तेवढाच तिच्या दिवसाला आधार होता.

आसन तयार झाले. पाऊस लागला. रोज झाडताना गोजराबाई आधी आसनामागची जमीन बघायची. श्रावणात एके दिवशी झाडूखाली पिवळसर पीठ आले. तिने फळीला कान लावला. आत कुरकुर चालली होती! नेमके तेव्हाच केरबा दर्शनाला आले. त्यांनी चिमूटभर पीठ बोटांत चोळले आणि म्हणाले, "निघालं का? आता खंडेनवमीला बघू."

गोजराबाईने महाराजांच्या पुढ्यात बसून डोळ्यांना पदर लावला. "महाराज, माजी फळी काढा. माजी पायरी सुटली तर सुटू द्या. पण तुमी टेकलात आन् मोडली तर?"

"त्या किड्यांनाही पोट आहे, गोजरा," महाराज म्हणाले. "फळीनं दिलं नाही तर दुसरं कोणी देईल. तू आपलं झाडून घे."

काय नवल! दुसऱ्या दिवसापासून पीठ पडेनासे झाले. महाराजही तेव्हापासून उकाड्यातसुद्धा शाल पांघरून बसू लागले. पावसाळी हवेने अंग दुखत असेल, असे तिला वाटले.

खंडेनवमी आली. घरोघरी हत्यारांची पूजा चाललेली, आणि केरबा आपली हत्यारांची पेटी घेऊन मठात हजर! मागे सारा गाव. महाराज आसनावरून उठून बाजूला उभे राहिले. केरबांनी फळीवर बोटाने टकटक केले. पोकळ आवाज यायचा तो भरीव आला. त्यांनी रंधा मारला, लांबच लांब ढलपी निघाली. सवयीने डोळे मिटून त्यांनी ती हुंगली.

"साग. जुना. अस्सल गाभ्याचा," ते बोलून गेले.

डोळे उघडले, तर हातातली ढलपी पांढरी!

"फळी बदलली!" केरबा ओरडले आणि त्यांनी आसन आडवे केले. तळाशी सांध्याजवळ त्यांनीच पटाशीने केलेली खूण जशीच्या तशी होती.

आसन सरळ करायला गोजराबाई धावली, महाराजही वाकले, आणि शालीचे टोक आसनाच्या कोपऱ्यात अडकून शाल खाली आली. गोजराबाईच्या तोंडून किंकाळी फुटली. महाराजांची पाठ सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांनी भरून गेली होती!

ती छिद्रे कसली, हे गावाला कळेना. केरबांना मात्र सांगावे लागले नाही. असली भोके ते जन्मभर लाकडात बघत आले होते.

"महाराज," ते म्हणाले, "भुंगा... तुमी अंगावर घेतला?"

"तिनं झाड दिलं, केरबा. मला पाठ तरी देता यावी की नको?"

केरबांनी पेटी उघडली. रंधा, करवत, पटाशी, एकेक हत्यार महाराजांच्या पायाशी ठेवले. महाराजांनी त्यातली फक्त तेलाची वाटी उचलली. लाकडाला पाजायचे जवसाचे तेल होते ते. वाटी केरबांच्या हातात देत ते म्हणाले, "हत्यारं उचल, मी ठेवून घेत नाही. मात्र पाठीची ही भोकं बुजेपर्यंत रोज तेल लावायला ये. वाटी गोजरा धरील."

"व्हय, महाराज. मी रोज हायेच हितं," गोजराबाई रडता रडता हसली.

गावाने जयघोष केला तो ओढ्यापलीकडे ऐकू गेला. आणि पिंपळदऱ्यात ज्या नाकाचा सगळ्यांना धाक होता ते केरबा मिस्त्रींचे नाक महाराजांच्या पावलांवर टेकले.