पडलेल्या पैलवानाचा फेटा

मोरघळच्या जत्रेत कुस्त्या बघायला आलेला परगावचा माणूस पहिल्याच कुस्तीला बुचकळ्यात पडतो. हलगी थांबते, पंच निकाल देतात, आणि मग फेटा घेतलेला माणूस जिंकलेल्याकडे न जाता खाली पडलेल्याकडे जातो. त्याच्या अंगावरची माती झाडतो, त्याच्या डोक्याला फेटा बांधतो आणि विचारतो, "कसा पडलास, सांग." पडलेला सांगतो. सगळं मैदान ऐकून घेतं. त्यानंतर जिंकलेल्याचा मान.

हे असं का, असं कुणी विचारलं की लोक तालमीच्या पायरीकडे बोट दाखवतात. तिथं म्हातारे दगडूबापू बसलेले असतात. बापू पाहुण्याला आधी बसायला सांगतात, आणि मग सिदू गावड्याची गोष्ट सांगतात.

फार जुनी गोष्ट. किती जुनी, ते बापूंच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. ओढ्यापलीकडच्या कातळवाडीत सिदू नावाचा धनगराचा गडी होता. बाविसाव्या वर्षापर्यंत त्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती म्हणे. त्या वर्षी जत्रेत त्याची गाठ मोरघळच्या तात्याबा वस्तादाशी पडली. सिदू नेहमीसारखा पटात, म्हणजे समोरच्याच्या पायांत, शिरला, पाय उचलला, आणि पुढच्या क्षणी तो उताणा होता. काय झालं ते बघणाऱ्यांना कळलं नाही. सिदूचा डावा खांदा निखळला. बसवणाऱ्यानं तो नीट बसवला नाही, आणि त्याचा हात पुन्हा कधी डोक्यावर गेला नाही. कुस्ती संपली. सिदू बापाची मेंढरं राखू लागला.

पुढची तीस वर्षं त्यानं मोरघळच्या शिवेत पाऊल टाकलं नाही. बाजाराला जाताना तो कोसभराचा वळसा घालून वरच्या उतारानं जाई. तात्याबाचं नाव त्याच्या तोंडी कधी आलं नाही. पण मेंढरं चरायला सोडून तो बाभळीखाली बसला, की त्याचं मन पुन्हा त्या कुस्तीच्या मातीच्या हौद्यात जाई. आपण कुठं चुकलो? पाय हातात आला होता. मग? तो पडण्याचा एकेक क्षण आठवून बघी, आणि दर वेळी एखादी बारीकशी गोष्ट नव्यानं ध्यानात येई.

इकडे तात्याबा म्हातारा झाला. त्यानं दोन पिढ्यांना कुस्ती शिकवली. पहाटे जोर-बैठका, मग लढती, मग प्रत्येकाला बाजूला घेऊन त्याची चूक दाखवणं, हा त्याचा नेम कधी चुकला नाही. सगळं शिकवलं, पण सिदूला पाडलं तो एक डाव तेवढा कुणाला दिला नाही. वस्तादानं एक डाव पोटात ठेवावा, नाहीतर शिष्य छातीवर बसतो, असं त्याला त्याच्या वस्तादानं सांगितलं होतं. ज्या दिवशी लंगोट खुंटीला टांगीन त्या दिवशी हाही डाव देऊन टाकीन, असं तो म्हणे.

तो दिवस त्याच्या हातात राहिला नाही. एका सकाळी हौद्यातल्या मातीत ताक आणि तेल कालवता कालवता तात्याबा तिथंच कलंडला. उजवं अंग गेलं. वाचा गेली. पोरांनी त्याला उचलून तालमीच्या ओसरीत बाजेवर ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून तो डावा हात हवेत हलवून काहीतरी सांगू लागला. पोरं पाण्याचा तांब्या पुढे करत. तो तांब्या लोटून देई आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येई. आठवडाभरानं भिवा शेडगे नावाच्या त्याच्या थोरल्या शिष्याला उमगलं, की वस्ताद डाव दाखवतोय. पण अर्ध्या अंगानं डाव कसा दाखवणार? भिवानं नाना तऱ्हा करून पाहिल्या. तात्याबा नुसती मान हलवी. पुढे पुढे त्यानं अन्न टाकलं.

तो डाव वस्तादानं आयुष्यात तीनच वेळा टाकला होता. ज्यांच्यावर टाकला त्यांतला एक मेला होता, एक मुलूख सोडून गेला होता. उरला सिदू.

भिवा कातळवाडीला गेला तेव्हा सिदू लोकर कातरत होता. भिवानं पाया पडून सगळं सांगितलं. सिदूनं कात्री खाली ठेवली नाही.

"तुझ्या वस्तादानं माझा हात नेला," तो म्हणाला. "आता त्याचा डाव मी जपू व्हय?"

"नाना, त्यास्नी घास गिळंना," भिवा म्हणाला. "डाव अडकलाय गळ्यात."

सिदू लोकर कातरत राहिला. भिवा घटकाभर बसला आणि उठून गेला.

दोन दिवस सिदू मेंढरांमागंच राहिला. खरं सांगायचं तर त्याला आधी बरं वाटलं होतं. तो माणूस बाजेवर पडलाय, त्याला बोलता येत नाही, हे ऐकून आत कुठंतरी थंड वाटलं. आणि मग त्या बरं वाटण्याची त्याला लाज वाटू लागली. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, सखूनं, भाकरी वाढता वाढता विषय काढला.

"तीस वर्सं तुमी झोपंत त्योच डाव खेळताय," ती म्हणाली. "कवा माझ्या अंगावर हात पडतो, कवा पाय. जिथनं आणलाय तिथं टाकून या की एकदाचा."

सिदूनं हात धुतले, खांद्यावर घोंगडी टाकली आणि तीस वर्षांनी पहिल्यांदा सरळ वाटेनं मोरघळला निघाला.

तो तालमीत शिरला. बाजेवरचा माणूस त्यानं ओळखलाच नाही. मनातला तात्याबा कड्यासारखा उभा होता, आणि हा तर पोराएवढा झाला होता. तात्याबानं मात्र त्याला ओळखलं.  

सिदूनं घोंगडी काढून ठेवली आणि हौद्यात उतरला. माती कपाळाला लावून तो भिवाला म्हणाला, "डाव मला टाकता यायचा न्हाई. मला त्यो फकस्त पडायला येतो. तू मला पाड. जिथं निराळं लागंल, तिथं मी सांगतो."

भिवा कचरला. बापाच्या वयाचा माणूस, त्यातून खांदा तसला. पहिल्या खेपेला त्यानं सिदूला अलगद खाली ठेवलं.

सिदू उठून बसला. "हळू पाडशील तर तुला बी कळायचं न्हाई आन मला बी. पुन्ना."

मग तो पुन्हा पटात शिरला आणि पुन्हा पडला. सतरा वेळा पडला म्हणे. काही लोक एकवीस सांगतात. दर वेळी तो मातीतूनच सांगे, "असं न्हवतं. त्यानं पाय सोडवला न्हाई, पाय मला देऊन टाकला. दुसरा गुडघा आदी टेकला त्याचा. मग त्यो माझ्या खाली वळला. मला आदी मातीचा वास आला, मागनं आभाळ दिसलं." त्याचा खांदा ठणकू लागला होता, पण तीस वर्षं जे कुणाला सांगता आलं नव्हतं ते आज माणसं कान देऊन ऐकत होती, आणि त्याला थांबावंसं वाटत नव्हतं. डाव आकाराला येत गेला. बाजेवर तात्याबा मान वर करून बघत होता. बरोबर जमलं की डाव्या हातानं बाजेचं लाकूड थोपटत होता.

तरीही शेवट जुळेना. सिदू दर वेळी कुशीवर पडे, पाठीवर नाही. भिवा पाठीमागून लंगोटाची लांग धरून खेचत होता.

"त्याचा डावा हात कुठं व्हता?" भिवानं विचारलं.

सिदूनं उजवा हात मागं नेऊन पाठ चाचपली. मग म्हणाला, "ते मला ठावं न्हाई. त्यो माझ्या पाठीमागं व्हता. मला कसा दिसंल?"

तेव्हा बाजेवरून आवाज आला. शब्द नव्हता, नुसता घोगरा आवाज. सगळ्यांनी मागं पाहिलं. तात्याबा डावा हात पुढे करून बोटांनी बोलावत होता. सिदू हौद्यातून वर आला आणि बाजेपाशी पाठ करून बसला. तात्याबानं तळहात त्याच्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली सपाट टेकवला, आणि होती नव्हती ती ताकद लावून ढकलला.

खेचायचं नव्हतं. ढकलायचं होतं.

सिदू पुन्हा हौद्यात उतरला. या खेपेला भिवानं तळहात लावला, आणि सिदूची पाठ सपाट मातीला लागली.  बाजेचं लाकूड वाजत राहिलं.

सिदूला उठवायला भिवा वाकला, तर तात्याबानं खुणेनं खुंटीवरचा आपला फेटा मागितला. भिवाला वाटलं, डाव जमला म्हणून फेटा आपल्याला. त्यानं फेटा आणून दिला आणि वाकून डोकं पुढे केलं. तात्याबानं त्याचं डोकं हलकेच बाजूला सारलं आणि हौद्याकडे बोट केलं. तो फेटा भिवानं मातीनं भरलेल्या सिदूच्या डोक्याला बांधला. त्या संध्याकाळी तात्याबानं वाटीभर पेज घेतली, ती सिदूच्या हातून.

पुढे तात्याबा आठ महिने जगला, असं सांगतात. दर सोमवारी सिदू येऊन बाजेजवळ बसे. पोरांच्या लढती बघता बघता दोघं म्हातारे हातानंच काहीबाही बोलत. तात्याबा गेल्यावर भिवा वस्ताद झाला. त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की या तालमीत कुणी डाव पोटात ठेवणार नाही, आणि कुस्ती कशी झाली ते आधी पडलेल्याला विचारायचं, कारण जिंकलेला घरी जाऊन विसरतो.

आजही नागपंचमीला मोरघळच्या तालमीचं दार दिवसभर सताड उघडं असतं. त्या दिवशी वस्ताद तो डाव शिकवतो, जो येईल त्याला. ओढा ओलांडून कातळवाडीची पोरं येतात, अलीकडे पोरीही येतात, आणि जत्रेत तोच डाव मोरघळच्या पैलवानांवर टाकतात. कातळवाडीत त्याला तात्याबाचा डाव म्हणतात. मोरघळमध्ये सिदूचा.