विमानाला लावलेले कुंकू

एकदा एक हळदीचा व्यापारी होता आणि त्याने विमान विकत घेतले. हसू नका. ही कथा मी जिथे जिथे सांगतो तिथे पहिल्याच वाक्याला मागच्या रांगेत कोणीतरी हसते, आणि लगेच दुसरा कोणीतरी हात वर करून विचारतो, किती आसनांचे? चार आसनांचे. पांढरे, निळ्या पट्ट्याचे, पुढे एकच पंखा. आता शांतपणे ऐका.

विमान घ्यायला परवाना लागत नाही, उडवायला लागतो. तो परवाना व्यापाऱ्याने वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, हट्टाने, एका वृद्ध वैमानिकाकडे शिकून मिळवला होता. हा वृद्ध आयुष्यभर लोकांना उडायला शिकवून निवृत्त झाला होता आणि शहराबाहेरच्या छोट्या धावपट्टीजवळच राहत असे. नवे विमान हाताला नीट बसेपर्यंत गुरूने शेजारच्या आसनावर बसावे, असे दोघांत ठरले होते. गुरूचा एक स्वभाव आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तो लागेल. तो शिष्याला एरवी अरे-तुरे करी. रागावला की अहो-जाहो करू लागे.

गुरूजवळ एक यादी होती. दोन्ही बाजूंनी छापलेली, प्लास्टिकमध्ये बंद केलेली. प्रत्येक उड्डाणाआधी ती हातात धरून विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालायची, एकेक ओळ मोठ्याने वाचायची, त्या त्या भागाला हात लावायचा आणि मग उत्तर द्यायचे. तेल आहे? आहे. इंधनात पाणी? नाही. त्यासाठी काचेच्या नळीत थोडे इंधन काढून ते उजेडात धरायचे. चाकांत हवा, पंखांच्या बिजागऱ्या, पुढच्या पंख्याला कुठे टवका. या यादीचा व्यापाऱ्याला मनस्वी कंटाळा होता.

“सर, मला सगळं पाठ आहे हो,” तो म्हणे.

“पाठ आहे म्हणूनच वाच. आरती पाठ असलेल्या माणसाचं लक्ष प्रसादाच्या ताटाकडे असतं.”

व्यापारी वाचे, पण कपाळाला आठ्या घालून. गुरूही ऐके, तोही कपाळाला आठ्या घालून. सहा महिने दोघांनी एकमेकांना असे सोसले.

मग दसरा आला. दसऱ्याचा अख्खा दिवस मुहूर्त असतो हे शाळेतले पोर सांगेल, तरी आमच्या व्यापाऱ्याने भटजींकडून खास वेळ काढून आणली. सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटे. त्या वेळी तो आपल्या आईला पहिल्यांदा आकाशात नेणार होता. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. नदीपलीकडे तिचे माहेर होते, आणि माहेरच्या डोंगरावर एक देऊळ होते, जिथे लहानपणी ती घागरीने पाणी वाहत असे. ते देऊळ एकदा वरून बघायचे, एवढीच तिची इच्छा होती. वडिलांनाही आमंत्रण होते, पण ‘मी जमिनीवरच बरा’ असे सांगून ते घरी राहिले. बाकी तीसेक नातेवाईक मात्र नटूनथटून धावपट्टीवर हजर होते. पेढे होते, झेंडूच्या माळा होत्या, आपट्याची पाने होती.

गुरू यायच्या आधी पूजा झाली. आईने तबक घेतले आणि सुनेचा हात धरून विमानाभोवती फिरली. पुढच्या नाकाडावर कुंकू, दोन्ही पंखांवर कुंकू, तिन्ही चाकांवर कुंकू. डाव्या अंगाला आल्यावर तिला रुपयाएवढी एक चकचकीत चकती दिसली. चकतीच्या मधोमध सुईने टोचल्यासारखे बारीक छिद्र. तिला ती चकती कपाळासारखी वाटली असावी. ओल्या कुंकवाचे बोट तिने नेमके तिथे टेकवले आणि वर अक्षता दाबल्या. शेजारी लाल अक्षरांत, इथे काही लावू नये, असे इंग्रजीत लिहिले होते. आईला इंग्रजी येत नव्हते. मुलाला येत होते, आणि तो पाच फुटांवर हात जोडून उभा होता.

ते छिद्र म्हणजे काय, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बाहेरच्या हवेचा दाब विमानाला त्या छिद्रातून कळतो. हवा विरळ होत गेली की आपण वर चाललो, हे आतल्या काट्याला त्यावरूनच समजते. छिद्र बुजले तर विमान कितीही वर जावो, उंचीचा काटा धावपट्टीवर जिथे होता तिथेच पडून राहतो, आणि वेगाचा काटाही खोटे बोलू लागतो. व्यापाऱ्याने परीक्षेत याच प्रश्नाचे पानभर उत्तर लिहिले होते. म्हणजे त्याला कळले नाही, असे कृपा करून कोणी म्हणू नका. त्याला त्याच क्षणी कळले.

पण पुसायचे कसे? सणाचा दिवस, आई समोर, तिने स्वतःच्या हाताने लावलेले कुंकू, आणि वडील घरी हयात असताना ते पुसायचे? तीस माणसांच्या देखत? त्याचा हात उचलेना. पातळच तर थर आहे, वाळला की गळून पडेल, असे त्याने स्वतःला सांगितले आणि पेढा तोंडात टाकला. मला या पेढ्याचा सर्वांत जास्त राग येतो.

नवाला पाच मिनिटे कमी असताना गुरू आला. हातात छत्री, बगलेत यादी. तो डाव्या बाजूने आला. विमानाकडे त्याने एकदाच पाहिले आणि त्याची पावले किंचित मंदावली. मग त्याने यादी शिष्याच्या हातात दिली.

“वाच.”

आईला तोवर मागच्या आसनावर बसवून पट्टा बांधला होता. व्यापाऱ्याने भरभर वाचायला सुरुवात केली. तेल, इंधन, चाके. डाव्या बाजूच्या छिद्राची ओळ आली तेव्हा तो चार हात लांबूनच म्हणाला, “मोकळे.” आणि पुढे सरकला.

प्रदक्षिणा संपली. गुरू म्हणाला, “परत वाच.”

“सर, नऊ सहा झालेत.”

“परत.”

दुसरी फेरी झाली. या वेळी तो चकतीजवळ गेला, पण डोळे यादीवर ठेवले. “मोकळे.” नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. आतून आईने विचारले, “काय झालं रं? काय इसरलंय का?”

“काही नाही आई, आलोच.”

“परत वाचा,” गुरू म्हणाला. व्यापाऱ्याने हे ‘वाचा’ ऐकले असते तर सावध झाला असता. पण त्याच्या डोक्यात नऊ बावीस शिरले होते. तो तरातरा निघाला, प्रत्येक भागावर थाप मारत, प्रत्येक उत्तर ओरडत. डाव्या बाजूला येताच त्याने चकतीवर चक्क बोट ठेवले आणि सगळ्या धावपट्टीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मोकळे! आता झालं समाधान?”

गुरूने विमानाच्या दारातून आत वाकून किल्ली काढली आणि खिशात टाकली.

“शेठ, गाडी काढा. सगळ्यांना घेऊन घरी जा. आज हे विमान उडणार नाही.”

एवढे बोलून तो पत्र्याच्या शेडमध्ये गेला आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला.

व्यापारी त्याच्या मागोमाग शेडमध्ये शिरला आणि त्याचा बांध फुटला. सहा महिन्यांचे साचलेले सगळे एकदम बाहेर आले. “काय चाललंय हे सर? विमान माझं, परवाना माझा, माणसं मी बोलावलेली! वारा जरा जास्त की घरी चल, ढग जरा खाली की घरी चल, मी कधी चकार शब्द काढला नाही. पण आज माझी आई बसलीय आत! निदान कारण तरी सांगाल का नाही?”

“कारण तुमच्या बोटाला लागलंय, शेठ.”

व्यापाऱ्याने आपला हात पाहिला. उजव्या हाताची तर्जनी लाल झाली होती. तो समोरच्या खोक्यावर बसला. मग गुरू बोलू लागला, आणि आता तो पुन्हा अरे-तुरेवर आला होता.

“मला लांबूनच दिसलं होतं. वाटलं, पहिल्या फेरीत तू सांगशील. तू खोटं बोललास. आईसाठी बोललास, ते मला समजतं. दुसऱ्या फेरीत बोललास ते पहिलं खोटं झाकायला. तेही मी समजू शकतो, माणूस असाच असतो. पण तिसऱ्या फेरीत तू त्यावर बोट ठेवलंस आणि मोकळे म्हणालास. तेव्हा तू खोटं बोलत नव्हतास रे. तेव्हा तुला ते खरोखरच मोकळं वाटायला लागलं होतं. खोटं बोलणाऱ्याच्या शेजारी मी बसेन, त्याला निदान खरं काय ते माहीत असतं. या तिसऱ्या माणसाशेजारी मी बसणार नाही, आणि त्याच्या मागे त्याच्या आईलाही बसू देणार नाही.”

व्यापारी खाली मान घालून म्हणाला, “आईनं लावलेलं होतं, सर. पुसायचं कसं?”

“बाजारात सख्ख्या मेहुण्याचं पोतं आलं तरी तू सळी खुपसून हळद बघतोस. मी पाहिलंय. मेहुण्यावर तुझा राग आहे का?”

“नाही.”

“मग का खुपसतोस?”

“खाणारा दुसराच कोणी असतो म्हणून.”

“मग इथे तर बसणारी तुझीच आई होती,” गुरू म्हणाला. “तिचं मन राखायला निघाला होतास, आणि तेही तिचाच जीव धोक्यात घालून.”

तेवढ्यात शेडच्या दारात आई उभी राहिलेली दिसली. पट्टा सोडवून, सुनेच्या आधाराने ती स्वतःच उतरून आली होती. किती ऐकले होते कोण जाणे. पण मुलाचे लाल बोट तिने पाहिले.

“माझ्या कुंकवानं अडलंय व्हय?”

गुरूनेच दोन वाक्यांत सांगितले. आता म्हातारी रडणार, असे सुनेला वाटले. म्हातारी भडकली.

“आरं, मग त्वांड नव्हतं का तुला? देवाला गंध लावतीया म्हणून त्याच्या नाकाची भोकं बुजवतीया का मी? मला काय ठावं तुझ्या इमानाचं नाक कुठं असतंय! म्हणायचं, आई, हितं नगं, तितं लाव. झालं असतं की! पुसायला भ्यालास? माझं कुंकू माझ्या कपाळावर हाय. तुझा बाप घरी भाकरी खात बसलाय. पत्र्यावरचं पुसलं म्हणून त्येला काय हुतंय?”

आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळून ती तरातरा विमानाकडे निघालीसुद्धा. गुरू खुर्चीवरून धडपडत उठला. “ताई, थांबा! चोळू नका, आणखी आत जाईल. उद्या मेकॅनिक नळी उघडून बघेल.”

“बघू द्या की मग. मी कुठं पळून चाललीया? आन् त्या डोंगरालाबी पाय न्हाईत.”

नऊ बावीस केव्हाच होऊन गेले होते. तिने शांतपणे आपट्याची पाने सगळ्यांच्या हातावर ठेवली, पहिली गुरूच्या. मुलाच्या हातावर सर्वांत शेवटी ठेवली, तीही त्याच्याकडे न बघता. तीस माणसे पेढे खाऊन घरी गेली. काहींनी वाटेत काय काय बोलून घेतले असेल, ते तुम्ही समजू शकता.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने नळी उघडली. छिद्रापासून बोटभर आतपर्यंत कुंकवाचा थर वाळून घट्ट बसला होता. मेकॅनिकने नळी साफ केली, काटे तपासले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, कोणालाही न बोलावता, तिघेजण धावपट्टीवर आले. व्यापाऱ्याने यादी वाचली. डाव्या बाजूला तो गुडघ्यांवर बसला, बॅटरी लावून त्याने त्या छिद्रात पाहिले, पुन्हा पाहिले, आणि मग हळूच म्हणाला, “मोकळे.” गुरूने परत वाचायला सांगितले नाही.

विमान वर गेले. खाली नदीचे वळण दिसले, मग उसाचे हिरवे चौकोन, मग लांबवर तो डोंगर. आई खिडकीला नाक लावून बसली होती. भीती वाटते का, असे कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. थोड्या वेळाने कानांवरच्या यंत्रातून तिचा आवाज आला.

“किती वर आलोय रं आपण?”

व्यापाऱ्याने उंचीच्या काट्याकडे पाहिले. “साडेतीन हजार फूट, आई.”

“खरं का?”

तिने सहजच विचारले होते. पण त्याला दसरा आठवला. त्या दिवशी उडाला असता तर काटा धावपट्टीवरच्या आकड्यावरच अडकून राहिला असता, आणि त्याने तोच आकडा वाचून, इतक्याच प्रेमाने, तिला सांगितला असता. त्याने पुन्हा काट्याकडे पाहिले, मग खाली जमिनीकडे, मग पुन्हा काट्याकडे. गुरू मुद्दाम दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिला.

“खरं, आई.”

आईने मान डोलावली आणि ती खाली आपले देऊळ शोधू लागली. दसऱ्याच्या दिवशीही तिने अशीच मान डोलावली असती.