चौथा बोल्ट

गाड्यांचे भाग आपसात बोलत असत, त्या काळची गोष्ट. एका जीपच्या टपावर चार बोल्टांनी कॅरिअर बसवला होता. चौथ्या बोल्टाखालचा पत्रा गंजून भोक मोठं झालं होतं. दसऱ्याला मालकाने गंजावर रंग मारला आणि झेंडूची माळ घातली.

“नवरदेव दिसतोस!” कॅरिअर बोल्टाला म्हणाला.

“दादा, माझी पकड सुटलीय. घाटात सामानासकट खाली जाल.”

“सणासुदीला अभद्र बोलू नये.”

घाटाच्या पायथ्याशी मालक जीपला टेकून चहा पीत होता, तेव्हा बोल्टाने त्याच्या बशीत उडी मारली. मालकाने आधी चहा संपवला, मग वर पाहिलं. गॅरेजवाल्याने कुजका पत्रा कापला, नवा तुकडा वेल्ड केला आणि तोच बोल्ट आवळला.

घाट सुखरूप पार झाल्यावर कॅरिअर म्हणाला, “बघ, रंग चांगला होता.”