दुर्बिणीतला मेंढा

"चाळीसच्या चाळीस बंदुका वितळवा," आबासाहेब महाराज म्हणाले, "आणि त्या लोखंडाचा नव्या बंगल्याला दरवाजा करा."

धामणकोटच्या शस्त्रशाळेत हे ऐकताना दावल शिकलगाराच्या हातातलं तेलाचं फडकं खाली पडलं. तीस वर्षं त्यानं त्या बंदुका लेकरांसारख्या सांभाळल्या होत्या. रानातल्या चौक्यांवरचे पहारेकरी त्याच घेऊन फिरत. डुक्कर, बिबट्या, काय अंगावर येईल त्याला त्याच बंदुकीनं तोंड देत.

पण महाराजांनी विलायतेहून नवी रायफल मागवली होती आणि तिच्या पाठीवर वीतभर लांबीची दुर्बीण बसवलेली होती. त्या दिवसापासून महाराजांना दुसरं काही सुचत नव्हतं. तलावापलीकडच्या बगळ्याची चोच दिसते, म्हणून ते येईल त्याला दाखवत.

"सरकार," दावल चाचरत म्हणाला, "जुनी बंदूकसुद्धा नेमाची आहे. नळीच्या टोकाला हा लोखंडी दाणा, मागं ही खाच. खाचेत दाणा बसला की..."

"खाच आणि दाणा आंधळ्यांच्या जमान्यातले. आता सगळ्या चौक्यांना दुर्बिणीच्या बंदुका देणार आम्ही."

दावलची मुलगी हुरमत दाराशी कानस घासत बसली होती. बंदुकांचे दाणे घासून नेमावर आणायचं काम बापाइतकंच तिलाही येत होतं. ती उठून पुढं आली आणि मुजरा करून म्हणाली, "सरकार, वितळवण्याआधी एकदा दोन्हींची परीक्षा तरी घ्या."

महाराजांना गंमत वाटली. "घेऊ की. पण जुन्या बंदुकांवर आम्ही चिमूटभर दारू खर्च करणार नाही. एकही गोळी न झाडता तुझी खाच आमच्या दुर्बिणीवर सरस ठरव. परवा सकाळपर्यंत मुदत. नाही जमलं, तर भट्टी तुझ्या बापानंच पेटवायची."

घरी आल्यावर दावल जेवलाच नाही. "गोळी न झाडता नेम कसा दाखवणार, पोरी? उगीच बोललीस."

हुरमतलाही धास्ती होतीच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती महाराजांच्या बागेवरून चालली होती, तेव्हा महाराज दुर्बिणीला डोळा लावून तलावापलीकडचं काही पाहत होते, आणि त्यांच्या पायाशी बसलेलं मांजर खुशाल त्यांच्या वाटीतलं दूध पीत होतं. ती क्षणभर थबकली आणि हसू दाबत तशीच वळून धनगरवाड्याकडं निघाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तलावाकाठच्या माळावर महाराज खुर्चीत बसले. हातात दुर्बिणीची रिकामी रायफल. शेजारी दावल, त्याच्या हातात जुनी रिकामी बंदूक. दोघांच्या मधे हुरमतनं भिजवलेल्या हरभऱ्याची पाटी ठेवली. समोर तीस पावलांवर करवंदीची जाळी होती.

"सरकार, त्या जाळीमागून एक जनावर येईल," ती म्हणाली. "त्याच्या कपाळावर तुमचा हुजऱ्या टिळा लावणार आहे. हळदीचा, कुंकवाचा का बुक्क्याचा, ते त्यालाच ठाऊक. ज्याचा नेम टिळ्यावर बसेल त्यानं 'झाली' म्हणायचं, म्हणजे गोळी झाडली असं धरू, आणि टिळा कसला ते सांगायचं."

"एवढंच? सोपं आहे," असं म्हणून महाराजांनी रायफल खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि दुसरा दुर्बिणीला लावला.

हुरमतनं हात हलवला. जाळीमागं धनगरानं दावं सोडलं. हरभऱ्याला चटावलेला काळाकभिन्न झुंजीचा मेंढा उसळून बाहेर आला आणि डोकं खाली घालून सुसाट पाटीकडं निघाला.

"झाली," दावल म्हणाला. मेंढा अजून वीस पावलांवर होता. "हळदीचा टिळा."

महाराज मात्र रायफल इकडून तिकडं फिरवत होते. "अरे, करवंद दिसतंय. हे गवत. हे... हे काय? सगळं काळंच झालं. ढग आला का रे?"

तेवढ्यात मेंढा पोचला. त्यानं पाटीत तोंड घातलं, शिंगांनी खुर्ची बाजूला सारली आणि महाराज हळूच गवतावर बसले. फेटा घरंगळत गेला. हुजरे धावले; हसायची कुणाची हिंमत झाली नाही.

महाराजांनी उठून धूळ झटकली. चेहरा लाल झाला होता.

"टिळा हळदीचाच का?" त्यांनी हुजऱ्याला विचारलं.

"होय सरकार, हळदीचाच."

"मग आमच्या दुर्बिणीत तो का दिसला नाही? बगळ्याची चोच दिसते, आणि एवढा मेंढा दिसत नाही?"

हुरमत खाली मान घालून म्हणाली, "सरकार, तुमच्या दुर्बिणीत लोकर दिसली, अब्बांच्या खाचेत मेंढा दिसला. आता चौकीवाल्यांनी गोळी लोकरीला घालायची की मेंढ्याला, तेवढा हुकूम व्हावा."

मेंढा कुडुमकुडुम हरभरे खात राहिला. मग महाराजांची मिशी हलली, खांदे हलले, आणि ते असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. हुजऱ्यांनाही मोकळं हसता आलं.

"दावल, तुझ्या बंदुका जिथल्या तिथं राहू देत. बंगल्याला लाकडाचा दरवाजा चालेल," ते म्हणाले. "आणि पोरी, आजपासून सगळ्या चौक्यांच्या बंदुका तू नेमावर आणायच्या. शस्त्रशाळेत तुझी नेमणूक, पगार बापाइतकाच. पण आता आम्ही ह्या दुर्बिणीचं करायचं काय?"

"ती गडाच्या बुरुजावर ठेवा, सरकार," हुरमत म्हणाली. "पाहुणे दोन कोसांवर असतानाच दिसतील. मुदपाकखान्याला भात किती शिजवायचा ते आधीच कळेल."

महाराज पुन्हा हसायला लागले, आणि हसता हसताच त्यांनी आपल्या बोटातली अंगठी काढून तिच्या हातावर ठेवली.